लढाई किती अवघड ठेवायची? सोलापूरच्या टेबलांवरून येणारे नेहमीचे प्रश्न

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकत, कथा रचत टेबलावर खेळायचा खेळ खेळवणाऱ्या आपल्या भागातल्या डीएम मंडळींकडून (डीएम म्हणजे गोष्ट आणि राक्षस चालवणारा) तेच ते प्रश्न फिरून फिरून येतात. म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवली आहेत. उदाहरणं बहुतेक पाचव्या आवृत्तीची आहेत (पुस्तकं २०१४ ची, सुधारलेली २०२४ ची), कारण इथल्या बहुतेक टेबलांवर तीच चालते. प्रश्न सोप्यापासून अवघडाकडे जातात. एखादी गोष्ट दुसरीकडे सांगितली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. लढाई ‘बॅलन्स’ करायची म्हणजे नक्की काय? दोन्ही बाजू सारख्या ठेवायच्या का?

सारख्या ठेवल्या तर दर दुसऱ्या लढाईत पार्टी (प्लेअरच्या कॅरेक्टरांचा गट) संपेल आणि तिसऱ्या रविवारी टेबलावर तुम्ही एकटेच बसाल. जिंकायची शक्यता पार्टीकडेच जास्त असते, असं धरूनच हा खेळ रचलेला आहे. डीएमने ठरवायचं ते जिंकण्याची किंमत: किती एचपी (जीव मोजणारे गुण) जातील, किती स्पेल (मंत्र) खर्च होतील, कुणी कोसळेल का, आणि पुढच्या खोलीत जाताना पार्टी किती थकलेली असेल. ‘सोपी’, ‘मध्यम’, ‘कठीण’, ‘प्राणघातक’ हे शब्द या किमतीचे आहेत. पुढची सगळी उत्तरं याच धाग्याने वाचा.

२. पुस्तकं महाग आहेत. विकत न घेता हे जमेल का?

जमेल. पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम आणि भरपूर राक्षस असलेला एसआरडी हा नियमसंग्रह जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत आहे. तो उतरवून घ्या आणि जेवढी पानं लागतात तेवढीच छापा. लढाईच्या हिशोबाला लागणारे आकडे खाली ४ आणि ५ मध्ये आहेतच.

३. सीआर ३ म्हणजे लेव्हल ३ च्या पार्टीसाठी, बरोबर ना?

अर्धं बरोबर. लेव्हल म्हणजे कॅरेक्टरची पातळी, सीआर म्हणजे राक्षस किती भारी ते सांगणारा आकडा. २०१४ च्या नियमांनुसार चार जणांची, नीट शस्त्रसज्ज आणि पूर्ण विश्रांती घेतलेली पार्टी आपल्या लेव्हलइतक्या सीआरचा एक राक्षस कुणी न मरता हरवू शकते. या वाक्यातला प्रत्येक शब्द महत्त्वाचा आहे: चार जण, विश्रांती घेतलेले, आणि राक्षस एकच. यातलं एक जरी बदललं तरी आकडा हलतो. सीआर म्हणजे शेंगाचटणीच्या पुडीवरचं ‘मध्यम तिखट’. कुणाच्या जिभेला मध्यम, ते पुडी सांगत नाही.

खालच्या लेव्हलला दुसरा एक धोका असतो. सीआर पार्टीच्या लेव्हलच्या वर गेला की तो राक्षस एका फटक्यात एखाद्याला आडवा करू शकतो. उदाहरण ८ मध्ये आहे.

४. दादा, तो एक्सपीचा हिशोब एकदा नीट, उदाहरण देऊन सांगा ना.

ही २०१४ ची पद्धत. एक्सपी म्हणजे राक्षस हरवल्यावर मिळणारे अनुभवाचे गुण, त्यांवरूनच लढाईचा अवघडपणा मोजतात. प्रत्येक कॅरेक्टरसाठी चार आकडे असतात: सोपी, मध्यम, कठीण, प्राणघातक.

लेव्हल १: २५, ५०, ७५, १००
लेव्हल २: ५०, १००, १५०, २००
लेव्हल ३: ७५, १५०, २२५, ४००
लेव्हल ४: १२५, २५०, ३७५, ५००
लेव्हल ५: २५०, ५००, ७५०, १,१००

पार्टीतल्या सगळ्यांचे आकडे मिळवा. मग राक्षसांचे एक्सपी मिळवा: सीआर १/८ ला २५, १/४ ला ५०, १/२ ला १००, १ ला २००, २ ला ४५०, ३ ला ७००, ४ ला १,१००, ५ ला १,८००. आता या बेरजेला राक्षसांच्या संख्येप्रमाणे गुणा: एक असेल तर १ ने, दोन असतील तर १.५ ने, तीन ते सहा असतील तर २ ने, सात ते दहा असतील तर २.५ ने, अकरा ते चौदा असतील तर ३ ने, त्याहून जास्त असतील तर ४ ने.

लेव्हल १ चे चौघे आणि समोर चार गॉब्लिन. गॉब्लिन सीआर १/४, म्हणजे ४ × ५० = २००. चार आहेत म्हणून दुप्पट, ४००. चौघांची प्राणघातक मर्यादा ४ × १०० = ४००. म्हणजे ‘चार गॉब्लिनच तर आहेत’ म्हणून मांडलेली लढाई थेट सगळ्यात वरच्या पायरीवर बसते.

गुणाकार फक्त अवघडपणा मोजायला असतो. प्लेअरना एक्सपी देताना २०० च वाटायचे. आणि एखादा राक्षस बाकीच्यांच्या मानाने फारच किरकोळ असेल, तर संख्या मोजताना त्याला सोडून द्या. ओगरच्या पायाशी घुटमळणाऱ्या एका उंदरामुळे ओगर दीडपट धोकादायक होत नाही.

५. माझ्या मित्राचं पुस्तक २०२४ चं आहे. त्याच्या हिशोबात तीच लढाई सोपी निघते. चूक कुणाची?

कुणाचीच नाही, पद्धत बदलली आहे. २०२४ मध्ये तीनच पायऱ्या आहेत: कमी, मध्यम, जास्त. लेव्हल १ ला दरडोई ५०, ७५, १००. लेव्हल २ ला १००, १५०, २००. लेव्हल ३ ला १५०, २२५, ४००. लेव्हल ४ ला २५०, ३७५, ५००. लेव्हल ५ ला ५००, ७५०, १,१००. जुन्या मध्यम, कठीण आणि प्राणघातकचेच हे आकडे आहेत. गुणाकार मात्र काढून टाकला आहे.

म्हणून वरचे चार गॉब्लिन इथे २०० वरच थांबतात, आणि चौघांचं ‘कमी’ बजेटही २०० च आहे. त्यातून नव्या गॉब्लिन वॉरियरचे एचपी ७ वरून १० झाले आहेत. म्हणजे राक्षस थोडा दणकट झाला आणि कागदावर लढाई दोन पायऱ्या खाली उतरली.

कुठली पद्धत वापरायची? वरच्या लेव्हलला नवी सुटसुटीत आहे. लेव्हल १ आणि २ ला राक्षस तीनपेक्षा जास्त असतील तर मी जुन्या गुणाकाराने एकदा पडताळून पाहतो. नव्या पुस्तकातही सूचना आहेच की दर कॅरेक्टरमागे दोनपेक्षा जास्त राक्षस असतील तर ते पटकन मरणारे ठेवा. ती ओळ लोक वाचत नाहीत.

६. एवढं गणित नको. टेबलावर बसल्या बसल्या अंदाज कसा बांधायचा?

पार्टीच्या सगळ्या लेव्हल मिळवा. लेव्हल ४ पर्यंत त्या बेरजेचा चौथा भाग घ्या, ५ पासून पुढे निम्मा. राक्षसांच्या सीआरची बेरीज त्याहून जास्त झाली तर लढाई जिवावर बेतू शकते. लेव्हल ३ चे चौघे म्हणजे १२, चौथा भाग ३. तीन बगबेअर, प्रत्येकी सीआर १, बरोबर काठावर बसतात. हा अंदाज जरा भित्रा आहे, पण ऐनवेळी भित्राच बरा.

७. दोन लढायांचे एक्सपी सारखे असूनही एक सोपी जाते, एक अवघड. असं का?

पाळ्यांमुळे. एका राउंडमध्ये (सगळ्यांची एकेक पाळी झाली की एक राउंड) कुठल्या बाजूला किती वेळा काहीतरी करता येतं, यावर लढाईचा निकाल बराचसा ठरतो. आठ दुबळे राक्षस म्हणजे आठ हल्ले. एक बलदंड म्हणजे एक किंवा दोन, आणि तो झोपला, बांधला गेला की शून्य.

एकदा हातानेच मोजून बघा. लेव्हल ३ चे चौघे, समोर दोन ओगर. ओगरचे एचपी ५९, एसी (फटका लागायला गाठायचा आकडा) ११. तुमचा प्लेअर +५ ने मारतोय, म्हणजे वीस बाजूंच्या फाशात ५ मिळवतो, म्हणून ६ किंवा वर पडलं की लागलं, १०० पैकी ७५ वेळा. एका फटक्याला सरासरी साडेसात धरा. चौघांचे मिळून राउंडला साधारण २२ एचपी जातात. दोघा ओगरांचे ११८ संपवायला पाचेक राउंड.

आता उलट बाजू. ओगर +६ ने मारतो, सरासरी १३ डॅमेज. तुमचा एसी १६ असेल तर तो १०० पैकी ५५ वेळा लागतो, म्हणजे एका ओगरकडून राउंडला सात. पहिला ओगर अडीच राउंडमध्ये पडला असं धरलं तर एकूण ५५ च्या आसपास एचपी जातील. पार्टीकडे सगळे मिळून ९५ असतील. म्हणजे निम्म्याहून जास्त रक्त सांडून विजय. ४ च्या हिशोबाने ही लढाई १,३५०, ‘कठीण’. आकडे जुळले.

पण प्लेअरनी दोन्ही ओगरांवर हल्ले वाटून मारले, तर दोघेही जवळजवळ शेवटपर्यंत उभे राहतात आणि डॅमेज ७० च्या पुढे जातं. लढाई तीच, राक्षस तेच. हे गणित स्पेल न धरता केलं आहे. एका ओगरला चांगल्या स्पेलने दोन राउंड बाजूला बसवलं तर सगळं हलकं होतं.

८. लेव्हल १ ला आमची पार्टी पहिल्याच लढाईत मेली. काय चुकतंय?

बहुतेक वेळा काहीच चुकत नसतं. लेव्हल १ हीच या खेळातली सगळ्यात जीवघेणी लेव्हल आहे.

सात एचपीचा विझर्ड (जादूगार) घ्या. ओगरचा फटका २ डी ८ + ४, म्हणजे आठ बाजूंचे दोन फासे अधिक चार. विझर्ड शून्यावर गेल्यावर उरलेलं डॅमेज त्याच्या पूर्ण एचपीइतकं असेल तर तो जागच्या जागी मरतो, वाचवायची संधीच मिळत नाही. म्हणजे १४ किंवा जास्त डॅमेज झालं की संपलं, आणि लागलेल्या १०० फटक्यांपैकी ४४ तसे असतात. क्रिटिकल (२० पडलं की डॅमेजचे फासे दुप्पट) तर धरलेलाच नाही.

उपाय साधे आहेत. लेव्हल १ ला सीआर १/२ च्या वर जाऊ नका. राक्षसांची संख्या प्लेअरपेक्षा एकाने कमी ठेवा. एकाच वेळी सगळे न आणता दोन आधी, बाकीचे पुढच्या राउंडला दारातून आणा. आणि एखाद-दोन बैठकांत लेव्हल २ द्या. लेव्हल १ वर रेंगाळण्यात पुरुषार्थ नाही.

९. हिशोबाने ‘प्राणघातक’ लढाई ठेवतो आणि माझी पार्टी ती हसत हसत मारते. तक्ता खोटा आहे का?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. उत्तर लढाईत सापडत नाही, लढाईच्या आधी आणि नंतर काय होतं त्यात सापडतं.

२०१४ चा तक्ता असं धरून चालतो की दोन लाँग रेस्टच्या (रात्रभराच्या विश्रांतीच्या) मध्ये पार्टी सहा ते आठ मध्यम किंवा कठीण लढाया करेल आणि अधूनमधून दोन शॉर्ट रेस्ट (तासाभराची विश्रांती) घेईल. लेव्हल ५ ला एका कॅरेक्टरला दिवसभरात ३,५०० एक्सपीचा मारा झेपतो, चौघांना १४,०००. आणि त्याच चौघांची प्राणघातक मर्यादा ४,४००. म्हणजे तक्त्याच्याच म्हणण्याप्रमाणे अशा तीन लढाया एका दिवसात झेपायला हव्यात. तुम्ही एकच ठेवलीत, तीही सगळे ताजेतवाने असताना. विझर्डकडे तिसऱ्या लेव्हलचे दोन स्लॉट आहेत, म्हणजे तेवढे मोठे स्पेल दिवसात दोनच. तो दोन्ही फायरबॉल पहिल्या दोन राउंडमध्येच टाकणार, सरासरी २८ डॅमेज, समोरच्या सगळ्यांना. उद्यासाठी राखून ठेवायचं कारणच नाही.

आपल्याकडे हे असं का होतं, तेही उघड आहे. रविवारी दुपारी तीन-चार तास मिळतात. त्यात कुणाच्या घरी नळाला पाणी यायचा दिवस असतो, म्हणून तो अर्ध्यातून उठतो. मग एका बैठकीत एकच लढाई होते आणि पुढच्या बैठकीला सगळे ‘झोपून उठलेले’ असतात. बैठक संपली म्हणजे खेळातला दिवस संपला, ही सवय मोडली की निम्मा प्रश्न सुटतो. वहीत एचपी आणि स्लॉट लिहून ठेवा. पुढच्या रविवारी तिथूनच सुरू.

ते जमत नसेल तर नियमच बदला. २०१४ च्या डीएम पुस्तकात एक पर्याय दिलेला आहे: शॉर्ट रेस्ट आठ तासांचा आणि लाँग रेस्ट सात दिवसांचा. प्रवासाच्या कथेला तो फार चांगला बसतो. सोलापूरहून निघून विजापूरला पोचेपर्यंत वाटेत तीन लढाया, रोज रात्री फक्त शॉर्ट रेस्ट, आठवडाभराचा मुक्काम गावात पोचल्यावर. एकाच बैठकीतल्या एकाच लढाईलाही मग वजन येतं. मात्र खेळ सुरू व्हायच्या आधी प्लेअरना सांगा. अर्ध्यातून लादलात तर भांडण होईल आणि ते रास्त असेल.

यातलं काहीच नको, आम्ही दिवसाला एकच लढाई खेळणार, असं असेल तर प्राणघातक मर्यादेच्या दीडपट ते दुप्पट बजेट ठेवा. पण ते संख्येत किंवा लाटांमध्ये वाटा, एकाच मोठ्या राक्षसावर खर्च करू नका (का, ते १० मध्ये). लेव्हल ५ च्या खाली दुप्पट कधीच नको.

२०२४ च्या पुस्तकात दिवसभराचा हा हिशोब ठेवलेलाच नाही. म्हणून अडचण गेली असं समजू नका, ती आता तुमच्या अंदाजावर सोडली आहे.

१०. आमचा बॉस दोन राउंडमध्ये मेला. त्याचं भाषणही पूर्ण झालं नाही.

एकटा होता म्हणून. चौघांच्या चार पाळ्या, त्याची एक (७ पाहा). शिवाय एक सेव्ह (स्पेलसारख्या गोष्टीचा परिणाम टाळायचा फासा) हुकली की तो आख्खा राउंड नुसता उभा.

मोठ्या राक्षसांना म्हणूनच लेजंडरी ॲक्शन असतात: दुसऱ्यांच्या पाळी संपल्यावर मध्ये मध्ये काहीतरी करता येतं. आणि लेजंडरी रेझिस्टन्स: दिवसातून बहुधा तीनदा, हुकलेली सेव्ह यशस्वी धरता येते. तुमच्या बॉसकडे हे नसेल तर द्या. लहान बॉसला एक लेजंडरी ॲक्शन पुरते. दुसरा मार्ग म्हणजे त्याला इनिशिएटिव्हमध्ये (पाळ्यांच्या क्रमात) दोन जागा देणं. तिसरा, माझ्या मते सगळ्यात चांगला: बजेटचा साठ टक्के भाग बॉसवर, बाकीचा अशा साथीदारांवर ज्यांना दुर्लक्षून चालणार नाही. मागून बरं करणारा पुजारी, दरवाजा बंद करायला धावणारा पहारेकरी.

एचपी नुसते दुप्पट करू नका. लढाई अवघड होत नाही, लांबते.

भाषण लढाईच्या आधी उरका. आणि ते छोटं ठेवा.

११. आमच्या टेबलावर सहा-सात जण असतात. किंवा उलट, दोघंच उरतो. तक्ता तर चौघांचा आहे.

२०१४ मध्ये सहा किंवा जास्त असतील तर गुणाकाराची एक पायरी खाली घ्या. एकाच राक्षसाला मग अर्ध्याने गुणायचं. तीनपेक्षा कमी असतील तर एक पायरी वर.

पण यात खाच आहे. ट्रोल, सीआर ५, १,८०० एक्सपी. लेव्हल ३ च्या चौघांना तो प्राणघातकच्याही वर. सहा जणांना अर्ध्याने गुणून ९००, म्हणजे बरोबर ‘मध्यम’. आता ट्रोलचे तिन्ही हल्ले लागले तर सरासरी २९ डॅमेज होतं आणि लेव्हल ३ च्या फायटरचे एचपी २८ च्या आसपास असतात. पार्टीसाठी मध्यम, पण समोर उभा असलेल्याला नाही. म्हणून सहा-सात जण असतील तर राक्षस मोठा करू नका, संख्या वाढवा.

दोघांसाठी एक सोबती एनपीसी (डीएमने चालवायचं पात्र) द्या, पण बरं करणारा. लढणारा दिलात तर तोच नायक होतो.

१२. तयारी सहा जणांची केली आणि आले चौघंच. आता?

गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत आणि लग्नसराईत हे ठरलेलंच. लढाई लिहितानाच राक्षसांच्या नावापुढे खूण करा: कोण पहिल्यांदा गळणार, कोण दुसरा. एक प्लेअर कमी, एक राक्षस कमी. एकच राक्षस असेल तर त्याचा एक हल्ला काढा, एचपीला हात लावू नका.

गैरहजर प्लेअरचं कॅरेक्टर दुसऱ्याने चालवू नये असं माझं मत. आपल्या माघारी आपलं माणूस मेलं, हे कुणाला आवडत नाही.

१३. एकाचं कॅरेक्टर इतकं तगडं आहे की त्याला लागेल असा राक्षस आणला तर बाकीचे मरतात.

त्याच्यासाठी राक्षस वाढवत बसू नका. आधी नियम नीट वाचले आहेत का ते पाहा. निम्म्या वेळा एकाच पाळीत दोन मोठे स्पेल टाकले जात असतात किंवा कॉन्सन्ट्रेशनचे (एका वेळी एकच चालवता येणारे) दोन स्पेल एकदम चालू असतात. नियम बरोबर असतील तर त्याच्याकडे एसी भरपूर आहे का बघा. मग डेक्सटेरिटी (चपळाई) किंवा विझडमची (शहाणपणाची) सेव्ह मागणारे हल्ले त्याच्यावर जाऊ द्या. आणि बाकीच्यांना चांगल्या जादुई वस्तू मिळू द्या. टेबलावरची दरी खालून भरलेली बरी.

१४. कुठल्या राक्षसांचा सीआर फसवा आहे?

जे एचपी सोडून दुसऱ्याच गोष्टीवर हल्ला करतात, त्यांच्यापासून सांभाळा. २०१४ चा शॅडो फक्त सीआर १/२, पण प्रत्येक फटक्याला स्ट्रेंग्थ (ताकद) १ डी ४ ने घटते आणि शून्य झाली की मरण. स्ट्रेंग्थ ८ असलेला विझर्ड तीन-चार फटक्यांत गेला, एचपी शिल्लक असतानाही. बॅनशी सीआर ४: तिचा आक्रोश दिवसातून एकदाच, पण तीस फुटांत जो कॉन्स्टिट्यूशनची (काटकपणाची) सेव्ह हुकेल तो थेट शून्यावर. इंटलेक्ट डिव्हॉवरर सीआर २: कमी बुद्धीचा बार्बेरियन एका पाळीत निकामी. अशांना बंदी नको, पण आधी गावात कुणीतरी पार्टीला सावध केलेलं असावं.

उलटही असतं. ट्रोलला आग किंवा ॲसिड लागलं की त्या फेरीला जखमा भरत नाहीत. पार्टीत दोन जण आग टाकणारे असतील तर तो सीआर ५ वाटतच नाही. एकही नसेल तर तो संपतच नाही.

१५. जागेमुळे किती फरक पडतो? आम्ही नकाशा म्हणून नुसती चौकोनी खोली काढतो.

खूप फरक पडतो. त्याचा एक्सपी कुठेच लिहिलेला नाही, म्हणून लोक विसरतात. चौकोनी रिकामी खोली कायम प्लेअरच्या बाजूने असते.

आपला भुईकोट डोळ्यांपुढे आणा. दुहेरी तटबंदी, खंदक, एका बाजूला तळं. तटावर चार धनुर्धारी गॉब्लिन बसवले आणि पार्टी खंदकाच्या अलीकडे उभी केली, तर तेच चार गॉब्लिन दुप्पट जड. जंग्यांच्या आड त्यांना तीन-चतुर्थांश आडोसा, म्हणजे एसी ५ ने वाढला, १५ चा २०. लेव्हल १ चा प्लेअर +५ ने मारत असेल तर १०० पैकी ३० वेळाच लागणार. आता त्याच तटात कुणाला ठाऊक नसलेली एक चोरवाट ठेवा. ती सापडली की लढाई पुन्हा सोपी, आणि ती सोपी प्लेअरनी केलेली असते.

दुसरं टोक म्हणजे नान्नजकडचं माळरान. उघडं, कमरेएवढं गवत, आडोसा नाही. तिथे लांडगेच शोभतात, खरेही आहेत. खेळातला लांडगा सीआर १/४, ११ एचपी. पण जोडीदार शेजारी असला की त्याला हल्ल्यात ॲडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा धरायचा) मिळतो, आणि चावा लागला की स्ट्रेंग्थची सेव्ह, हुकली की तुम्ही जमिनीवर. पडलेल्यावर जवळून पुन्हा ॲडव्हांटेज. चार लांडगे आणि चार गॉब्लिन यांचे एक्सपी सारखे आहेत. माळावर लांडगे जास्त मारतात, अरुंद बोळात एकदम मऊ पडतात.

साधा नियम: जागा फक्त राक्षसांना मदत करत असेल तर लढाई एक पायरी वर धरा, फक्त पार्टीला करत असेल तर एक पायरी खाली.

जाता जाता एक. गावातल्या ओळखीच्या जागा खेळात आणायला मजा येते, पण देवळं, दर्गे रणांगण करू नका. टेबलावर वेगवेगळ्या घरची माणसं बसलेली असतात.

१६. लढाई सुरू झाल्यावर कळलं की फार अवघड झाली. गुपचूप एचपी कमी केले तर चालतील का?

यावर डीएम लोकांत कायमचे दोन तट आहेत. माझं मत: आकड्यांना हात लावू नका, राक्षसांच्या वागण्याला लावा. ओगर लूट उचलून निघून जाऊ शकतो. गॉब्लिन कैदी धरू शकतात, कारण खंडणी मेलेल्याची मिळत नाही. पुढची लाट यायला उशीर होऊ शकतो, ती अजून दिसलेलीच नसते. प्लेअरना फासे दिसतात आणि ते बेरीज करतात. पूर्व भागातल्या एका टेबलावर तर डॅमेज तेलुगूत मोजलं जातं आणि डीएमपेक्षा आधी मोजून होतं. एकदा कळलं की डीएम वाचवतो, तर पुढच्या प्रत्येक विजयाची चव जाते.

एक अपवाद: राक्षसाचा नियम तुम्हीच चुकीचा वाचला असेल तर तिथेच थांबा, सांगा, दुरुस्त करा.

१७. राक्षसांनी शेवटच्या एचपीपर्यंत लढायचं असतं का?

झोंबी लढेल, सांगाडा लढेल. जिवंत प्राणी कशाला मरेल? जुन्या आवृत्त्यांत मोरालचा (धीर टिकतो का ते पाहायचा) नियमच होता, दोन फासे टाकून ठरवायचं. २०१४ मध्येही पर्यायी नियम आहे: डीसी १० ची (१० गाठायची) विझडम सेव्ह, हुकली की पळ. फासा नको असेल तर एवढं करा: म्होरक्या पडला किंवा निम्मे पडले की उरलेले पळतात किंवा शरण येतात. लढाईचे शेवटचे कंटाळवाणे दोन राउंड वाचतात आणि ती तक्त्यापेक्षा थोडी हलकी होते.

१८. कोसळलेल्या कॅरेक्टरवर राक्षसाने हल्ला करावा का?

शून्यावर पडलेला प्लेअर दर पाळीला सेव्ह टाकतो: १० किंवा वर यश, तीन यश म्हणजे स्थिर, तीन अपयश म्हणजे मृत्यू. जवळून लागलेला एक हल्ला म्हणजे एकदम दोन अपयश. त्यामुळे ‘पडलेल्याला मारतो’ असं ठरवलंत की कुठलीही लढाई वरच्या पायरीवर जाते.

भुकेला प्राणी पडलेल्याला ओढत नेईल, गॉब्लिन उभ्या असलेल्याकडे वळेल. हुशार शत्रूने मात्र पाहिलं असेल की क्लेरिक दूरवरून हीलिंग वर्डने पुन्हा पुन्हा उठवतोय, तर तो मारेलच. तसं होणार असेल तर एका पाळीआधी त्याच्या तोंडून वदवा. धमकी ऐकून प्लेअरना हालचाल करायला एक पाळी मिळते.

१९. आमचे प्लेअर पळतच नाहीत. समोर ड्रॅगन असला तरी धावून जातात.

कारण त्यांना वाटतं की डीएमने ठेवलं म्हणजे जिंकता येतंच. पहिल्याच बैठकीला सांगा की या जगात काही गोष्टी तुमच्यापेक्षा मोठ्या आहेत. मग दाखवा: ज्याने गावातल्या सगळ्यात तगड्या पहारेकऱ्याला एका घासात संपवलं, त्याच्यावर कमी जण धावतात. शिवाय नियमाने पळणं खरंच कठीण आहे, बहुतेक राक्षसांचा वेग तुमच्याइतकाच असतो. म्हणून पळायची वाट नकाशावरच काढून ठेवा: बंद करता येणारा दरवाजा, तोडता येणारा पूल.

२०. एक लढाई दोन-दोन तास चालते.

राक्षसांचं डॅमेज सरासरीने द्या, फासे टाकू नका. सारख्या राक्षसांना एकच इनिशिएटिव्ह. एकाची पाळी चालू असताना पुढच्याला ‘तू तयार राहा’ म्हणा. बाकी १७ वाचा.

२१. मला माझा स्वतःचा राक्षस बनवायचाय, आपल्याकडचा वेताळ. सीआर कसा काढू?

आधीच्या एखाद्या राक्षसाचे आकडे घ्या आणि वर्णन बदला. ओगरचे आकडे, वेताळाचं रूप, पाठीवर बसून प्रश्न विचारण्याची एक खोड. टेबलावर कुणालाही कळत नाही आणि सीआर तयार मिळतो. नवी शक्ती एकच घाला.

शून्यातून बनवायचाच असेल तर २०१४ ची पद्धत अशी: पहिल्या तीन राउंडच्या डॅमेजची सरासरी आणि हल्ल्याचा बोनस यावरून मारक सीआर, एचपी आणि एसीवरून तारक सीआर, मग दोघांची सरासरी. सरासरीत धोका लपतो. प्रचंड मारणारा पण एका फुंकरीत मरणारा राक्षस कागदावर मध्यम दिसतो, टेबलावर पहिली पाळी कुणाची आली यावर सगळं ठरतं.

२२. आम्ही पाथफाइंडर खेळतो. हे सगळं लागू होतं का?

पाळ्या, जागा आणि पळ यांच्याबद्दलचं सगळं लागू. आकडे वेगळे. २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत चौघांचं बजेट लेव्हल कुठलीही असो तेच: कमी ६०, मध्यम ८०, तीव्र १२०, टोकाची १६०. पार्टीच्या लेव्हलचा राक्षस ४० चा, एक वर ६०, दोन वर ८०, तीन वर १२०, चार वर १६०. एक खाली ३०, दोन खाली २०.

इथला हिशोब बराच विश्वासू आहे. लेव्हल हल्ल्याच्या आणि सेव्हच्या फाशात मिळवली जाते, आणि लक्ष्यापेक्षा १० ने जास्त पडलं की क्रिटिकल, त्यामुळे वरच्या लेव्हलचा एकटा राक्षसही खरोखर भारी पडतो. लढायांच्या मध्ये एचपी भरून घेणंही सोपं आहे, म्हणून ९ मधली अडचण इथे फारशी येत नाही. पाचव्या आवृत्तीच्या सवयीने चार लेव्हल वरचा बॉस मात्र ठेवू नका. ‘टोकाची’ हा शब्द तिथे खरा आहे.

२३. पार्टी फुटली. दोघे तळघरात, दोघे छतावर. लढाई चौघांसाठी लिहिलेली होती. आता काय?

आधी कुठली जोडी लढाईला भिडली ते पाहा. राक्षस एकाच जागी असतील तर त्यांनाही फोडा: अर्धे आवाज ऐकून छताकडे जातात. त्यांनी का जावं याला कारण असेल तरच. नसेल तर लढाई आहे तशी चालू द्या, पण पाळी दोन्ही जागी आलटून पालटून फिरवा आणि तळघरातल्यांना वरचा आरडाओरडा पहिल्याच राउंडला ऐकू येऊ द्या. मध्ये किती राउंडचं अंतर आहे तेही स्पष्ट सांगा: ‘धावलात तर तिसऱ्या राउंडला पोचाल.’ मग छतावरच्या दोघांचा हिशोब तीन राउंड तग धरण्याचा होतो. त्यांच्या एचपीला राक्षसांच्या सरासरी डॅमेजने भागा (७ मध्ये केलं तसं). उत्तर तीनपेक्षा कमी आलं तर एखादा राक्षस जिन्यातच अडकलेला बरा.